बॉनेटखालची पुरचुंडी

हुबळीच्या वर्कशॉपात येऊन मला बरेच महिने झाले, तरी एखादी गाडी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटवून दारात उभी राहिली की माझ्या तोंडून अजून निघतं, "आक्कांना बोलवा." इथले लोक हसतात. कोण आक्का, म्हणून विचारतात. मी म्हणतो, काही नाही, तुम्ही तुमची कामं बघा. खरं तर त्यांना समोर बसवून सगळं सांगावं असं मला फार वाटतं. पण सांगायला लागलो की माझं डोकं तापतं, आणि काउंटरवरच्या माणसाचं डोकं तापलं की धंद्याचं वाटोळं होतं. म्हणून लिहून टाकतो.

आक्का म्हणजे सुनंदा कांबळे. बेळगावजवळ मच्छेला आमचं वर्कशॉप. तिथं मी काउंटरवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिव्या सगळ्यांच्या आधी खायच्या कामावर, आणि आक्का आत गाड्यांच्या विजेच्या कामावर. वय पंचेचाळिशीच्या आसपास, बारीक अंगकाठी, कंपनीचा करडा शर्ट आणि पँट, घट्ट अंबाडा, चष्मा कायम कपाळावर. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारायची कुणाची छाती नव्हती. निपाणीहून रोज लाल बसनं यायच्या, रोज परत जायच्या. अहो, इथं बेळगावात खासबागेत एखादी खोली बघू या, हाडं खिळखिळी होतील अशानं, असं मी किती वेळा म्हटलं असेन. आई एकटी हाय, एवढंच म्हणायच्या आणि विषय संपवायच्या.

आताच्या गाड्यांचं काम ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. गाडीत जागोजागी छोटे छोटे कॉम्प्युटर बसवलेले असतात. एक इंजिनाचा, एक ब्रेकचा, एक स्टिअरिंगचा, एक दारं-काचांचा. आक्का त्यांना डबे म्हणायच्या. हे सगळे डबे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून आपापसांत सारखं बोलत असतात. ते बोलणं बिघडलं की गाडीची तऱ्हा बघावी. ब्रेक धड असतो पण ब्रेकचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं, वायपर ऊन असताना फिरतो. स्कॅनर लावला तर प्रत्येक डबा दुसऱ्याची तक्रार करतो, की त्याच्याकडून मला निरोप येत नाही. नवखा मेकॅनिक ज्याचं नाव आलं तो डबा बदलतो. गाडी आहे तशीच. मग दुसरा बदलतो. मग गिऱ्हाईक माझ्या टेबलावर मूठ आपटतं.

आक्का स्कॅनरला आधी हातच लावायच्या नाहीत. गाडी आली की मालकाला स्टुलावर बसवायचं, आपण समोर बसायचं आणि विचारायचं, "गाडीला शेवटचा हात कुणी लावला?" कुणीच नाही, हे उत्तर ठरलेलं. आक्का मान हलवायच्या, चहा मागवायच्या, आणि चहा संपला की तोच प्रश्न पुन्हा त्याच आवाजात. एकदा खानापूरकडचे एक गृहस्थ असेच बसले होते. नवी कोरी गाडी, आणि कुणाचाही हात लागलेला नाही अशी शपथ घ्यायला तयार. दुसऱ्या चहापर्यंत ते ठाम होते. तिसरा आला तेव्हा खाली बघत म्हणाले, तसं म्हणजे मेव्हण्यानं खडेबाजारातनं रंगीत दिव्यांची एक पट्टी आणून बसवलीया, पण तो घरचाच माणूस. आक्कांनी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. मेव्हण्यानं त्या पिळाच्या वायरींपैकीच एक सोलून तिला दिव्यांची वायर गुंडाळली होती, वर टेप. आक्कांनी ती सोडवली, सोललेल्या वायरीला नीट सोल्डरचा डाग दिला, डॅशबोर्डवरचे दिवे विझले. गृहस्थ जायला निघाले तेव्हा म्हणाल्या, मेव्हण्यांना नमस्कार सांगा, आणि पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन या, त्यांच्यावर माझं पोट चाललंय. मला हसू आवरेना. गृहस्थ मात्र माझ्यावरच डाफरले.

त्यांची कामाची एक रीत मला सुरुवातीला वेड्यासारखी वाटायची. त्या गाडीत शिरून दारं लावून घ्यायच्या आणि मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या. काचा बंद, पंखा बंद. नव्यानं आलेला कुणीही म्हणेल की बाई काम टाळतेय. मीही म्हणालो होतो, आणि चांगलीच बोलणी खाल्ली. दार उघडं असलं की गाडीचे डबे जागे राहतात. दारं लावून सगळं शांत केलं की एकेक करून ते झोपी जातात. जो झोपत नाही, तो बिघडलेला. हे सगळं त्या आत बसून बारीक टकटक आवाजांवरून ओळखायच्या, आणि मग बाहेर येऊन मीटर लावायच्या. मीटरवर साठ ओहम दिसलं तर वायर शाबूत, जास्त दिसलं तर कुठंतरी तुटलीय, फार कमी दिसलं तर दोघी एकमेकींना चिकटल्यात. त्यापुढं एकेक डबा सोडवत जायचं. कोणता सोडवल्यावर बाकीच्यांचं बोलणं सुरू होतं, ते बघायचं. ह्याला कधी कधी अख्खा दिवस जायचा, आणि त्या दिवशी आक्कांशी बोलायला गेलेला माणूस कपाळ बडवत परत यायचा.

एरवी मात्र बाई मायाळू होत्या. दुपारी डबा उघडला की भाकरी-खर्डा आधी माझ्या ताटात. आईनं तुझ्यासाठी ज्यादा बांधलीया पाटला, म्हणायच्या. त्यांच्या आईनं मला पाहिलेलं नव्हतं, मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण पाटलाला खर्डा तिखट लागला का, म्हातारीची तब्येत कशी, असे निरोप रोज बसनं ये-जा करायचे. माझं गाव खानापूर तालुक्यातलं, घरची शेती. आमच्या घरात कुणी कुणाला एवढं विचारत नाही, त्यामुळं मला त्याचं फार अप्रूप होतं.

एका गोष्टीला मात्र त्यांच्याकडं माफी नव्हती, आणि ती म्हणजे तंबाखू. खिशात चुन्याची डबी दिसली तरी त्या माणसाला त्या फाटकाबाहेर घालवायच्या, मग तो मालकाचा पाहुणा का असेना. ह्याचं कारण त्यांनी एकदाच, जेवता जेवता, सहज सांगावं तसं सांगितलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांची आई तंबाखू निवडायला जायची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून तान्ह्या सुनंदाची झोळी वखारीच्या तुळईलाच टांगलेली असायची. खाली दिवसभर तंबाखू चाळला जायचा, त्याची धूळ वर. चालायला लागायच्या आधीपासून ह्यांना दमा. वखारीत सगळ्याच बायका खोकायच्या, त्यामुळं त्याला आजार म्हणून कुणी मोजतच नव्हतं. शाळेत हुशार निघाल्या, आईनं शिकवलं, डिप्लोमाला जायची वेळ आली तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स का घेतलं, तर म्हणाल्या, "तारंला वास नसतोय." एवढं बोलून त्यांनी डबा पुसला आणि कामाला गेल्या.

आता ह्या बाईच्या वाट्याला काय यावं? आमच्या सीमाभागात चहूकडं ऊस. ऊस तोडला की तिथले उंदीर निघतात आणि जिथं ऊब मिळेल तिथं घुसतात. उभ्या गाडीचं इंजिन म्हणजे त्यांची धर्मशाळा. मधल्या काळात उंदरांनी नुसता हैदोस घातला होता. रोज कुरतडलेल्या वायरी. आक्का एकेक वायर जोडत बसायच्या, शेवटची बस गाठताना धाप लागायची, घरी पोचायला उशीर, आई दारात बसलेली. घरी गेल्यावर सगळा राग उंदरांवर निघायचा, असं त्याच सांगायच्या.

मग एकाएकी निपाणीकडच्या गाड्यांत एक नवंच खूळ दिसायला लागलं. बॉनेट उघडलं की आत चिंधीची पुरचुंडी, मुठीच्या आकाराची, तोंड शिवलेली. आत तंबाखूचा चुरा. तंबाखूच्या वासानं उंदीर येत नाही म्हणे. आणि खरंच येईना की. पण लोक काय करायचे, बॉनेटमध्ये जिथं बरी जागा दिसेल तिथं ती कोंबायचे, आणि बरी जागा नेमकी वायरींच्या जोडांपाशी असते. पावसाळ्यात तंबाखू पाणी धरून ठेवतो. त्याचं तपकिरी पाणी जोडांत उतरायचं, आतल्या पितळेवर हिरवा गंज चढायचा, आणि डब्यांचं बोलणं बंद. उंदीर परवडला, निदान कुरतडलेली वायर दिसते तरी. हे दुखणं दिसायचंही नाही.

आक्कांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तोंडाला मास्क बांधून चिमट्यानं ती पुरचुंडी उचलायच्या आणि लांबूनच पाण्याच्या बादलीत टाकायच्या. त्या वासानं लगेच छातीत घरघर सुरू. कुणाच्या डोक्यातनं ही अक्कल निघाली त्याला माझ्यापुढं उभा करा, म्हणायच्या. मला त्यांनी हुकूमच दिला होता: निपाणीची गाडी आली की आधी गिऱ्हाइकाला बजावायचं, पुन्हा तंबाखू घालशील तर गाडी घेणार नाही. मीही इमानानं बजावत होतो. भांडायला मला तसंही कारण लागत नाही.

अशाच एका गाडीत त्या अडकल्या. दुपारची वेळ होती. नेहमीप्रमाणं मागं बसून, दारं लावून त्या डबे झोपायची वाट बघत होत्या. पुरचुंडी बॉनेटमधनं काढली होती, पण ती फाटून तिचा चुरा हवा आत ओढायच्या जाळीत सांडला होता, ते कुणाला दिसलं नव्हतं. दारं-काचांचा डबा अर्धमेला. तो मरता मरता जागा झाला, पंखा आपोआप सुरू झाला आणि चारी दारांची कुलपं खाडकन पडली. मागच्या दारांना लहान पोरांसाठीची कडी लावलेली, म्हणजे ती आतून उघडणारच नाहीत. किल्ली त्यांच्याच खिशात, पण तो डबाच मेल्यावर तिचं बटण काय कामाचं. दम्याचा पंप बाहेर त्यांच्या टेबलावर. मी कागद द्यायला आत गेलो तर काचेपलीकडं आक्का पुढच्या दोन सीटांच्या मधून पुढं सरकायला बघत होत्या आणि जमत नव्हतं. तोंड उघडं, आवाज नाही. मला बघून त्यांनी हात वर केला आणि बोटानं बॉनेटकडं दाखवलं, बॅटरीची वायर काढ म्हणून. अरे, कसली बॅटरी आणि कसलं काय. मी हाताला लागला तो पाना उचलला आणि पुढच्या दाराची काच फोडली.

पंप ओढून श्वास जरा जागेवर आल्यावर त्या पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? गिऱ्हाइकाची काच कशाला फोडलीस, म्हणे. मी त्यांच्यासमोर रडलो. लाज कसली त्यात, रडलो. मग मी आणि मालक त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि म्हणाले की तंबाखूच्या धुळीपासून आणि धुरापासून कायमचं लांब जा. औषध वाढवत नेऊन उपयोग नाही. गाव बदलता आलं तर बदला, नाहीतर पुढं मला काही करता येणार नाही.

आणि योग असा की त्याच सुमारास पुण्याहून कंपनीच्या शिक्षण केंद्राचं बोलावणं आलं. तिथं मेकॅनिकांना शिकवायचं काम, बंद काचांची स्वच्छ खोली, राहायला जागा. आमचा मालक स्वार्थी माणूस, पण काचेचा प्रकार डोळ्यांनी बघितलेला, त्यामुळं तोही म्हणाला, जावा आक्का, तुमच्या जिवापेक्षा आमची गाडी मोठी न्हाय. मला तर एवढा आनंद झाला की मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. आक्काही खुलल्या होत्या. पुण्यात मराठीतच शिकवता येईल, आईला घेऊन जायचं, खोली तळमजल्यावरची मागायची, असं रोज काहीतरी चाललेलं. रविवारी आईपाशी विषय काढणार होत्या.

शनिवारी निपाणीची एक टेम्पो-ट्रॅव्हलर आली. तेच दुखणं, तीच पुरचुंडी. आक्कांनी चिमट्यानं उचलली, आणि बादलीपाशी जाऊन थांबल्या. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. ती पुरचुंडी मोरपंखी साडीच्या तुकड्याची होती, काठासकट. साडी आक्कांनीच आदल्या वर्षी खडेबाजारातनं आईसाठी घेतलेली. दाराच्या कोयंड्याला अडकून फाटली, असं आई म्हणाली होती. तोंडाची शिलाई आडव्या टाक्यांची, दुहेरी दोऱ्याची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आक्कांनी मास्क खाली ओढून ती चिंधी डोळ्यांजवळ नेली, आणि मी ओरडलो की आक्का, मास्क.

त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, ही कुठं मिळाली.

"निपाणीच्या फाट्यावर एक म्हातारी बसती बघा," तो खुशीत म्हणाला. "तिची लेक बेळगावात गाड्यांची डाक्टर हाय म्हणं. उंदरांच्या पायी लेकीला घरला यायला उशीर होतोय, म्हणून तिनंच ही युक्ती काढलीया. समदे डायवर तिच्याकडनंच घेत्यात."

आक्कांनी पुरचुंडी बादलीत टाकली नाही. काम मात्र नेहमीसारखं केलं. जोड साफ केले, मीटर लावला, गाडी दिली.

सोमवारी आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. म्हणाल्या, पुण्याला मी जात न्हाय, मालकांना कळवलंय. आणि आजपासनं निपाणीच्या गिऱ्हाइकांना तंबाखूबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मी ताडकन उठलो. मग जे तोंडाला येईल ते बोललो. डॉक्टर काय म्हणाला ते विसरलात का, जिवाचं काय, एक साधं वाक्य आईला सांगता येत नाही का, की आई, ह्या तुझ्या पुरचुंड्यांनी गाड्या बिघडतात आणि मला दम लागतो. सगळं वर्कशॉप ऐकत होतं. आक्कांनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर स्टूल ओढून बसल्या.

"सांगितलं तर ती त्याच दिवशी थांबंल, पाटला," त्या म्हणाल्या. "त्याचं मला भ्या न्हाय. पण मग ती मागचं समदं आठवत बसंल. झोळीपासनं. लेकीचा दमा आपल्याच हातचा, हे तिला ह्या वयात कळायला नगं."

मी म्हटलं, पण तुम्ही मराल. त्या म्हणाल्या, हळू बोल.

आणि पुढं सांगत गेल्या, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. आईनं सगळी हयात वखारवाल्याचा तंबाखू निवडला, त्यातली एक काडी तिची नव्हती. आता हात थकले, वखार सुटली, घरात नुसती बसून होती. मला उशीर होतो म्हणून तिनं डोकं चालवलं. स्वतःच्या हातानं शिवते, फाट्यावर जाऊन बसते, ड्रायव्हर लोक तिला मावशी म्हणतात. रविवारी पुण्याचं बोलायला बसले तर ती मलाच विचारते, आता उंदीर कमी झाले का गं, आता लवकर सुटतीस का? मी व्हय म्हटलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी कधी बघितलं नव्हतं. अशा माणसाला उचलून पुण्यात कुठं चार भिंतीत नेऊन ठेवू? आणि तिला इथं एकटी टाकून मी स्वच्छ हवा खायला जाऊ?

माझा राग मात्र उतरला नाही. मी त्यांच्याशी बरेच दिवस धड बोललो नाही. डबाही घेत नव्हतो. त्या मात्र झाकणात माझा वाटा काढून टेबलावर ठेवून जायच्या.

त्यानंतर त्यांची पद्धत बदलली. निपाणीची गाडी आली की दोन मास्क बांधायच्या, पुरचुंडी काढायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि काम झालं की परत आत ठेवायच्या; पण वायरींपासून लांब, पुढच्या जाळीपाशी, तारेनं बांधून. फेकून का देत नाही, असं मी एकदा न राहवून विचारलं. गिऱ्हाईक उद्या फाट्यावर जाऊन म्हातारीला सांगेल, तुझ्या लेकीच्या वर्कशॉपात तुझी पुरचुंडी टाकून देतात, म्हणाल्या. असा सगळा विचार केलेला होता. कोणत्याही बाजूनं जायला वाट ठेवली नव्हती बाईंनी. गिऱ्हाइकाला तोडायचं नाही, आईला कळू द्यायचं नाही, डॉक्टरकडं जायचं नाही, आणि पंप मात्र महिना महिना पुरायचा तो आठवड्यात संपायचा. गाड्या त्याच दुखण्यानं येतच होत्या. त्या सोडवत होत्या, आई शिवत होती.

मग माझी हुबळीला बदली झाली. निघायच्या आठवड्यात आक्का कामावर आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, जरा थंडी हाय. मला काही राहवेना. रविवारी उठलो आणि निपाणीची बस धरली.

बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, रस्त्याला लागून घर. दोन खोल्या, झाडून लख्ख. दार उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि मलाच ठसका लागला. म्हातारी चुलीपुढं बसून तव्यावर तंबाखू करपवत होती. आमच्याकडच्या जुन्या बायका त्या काळ्या पुडीनं दात घासतात, मिश्री म्हणतात तिला. खोलीभर निळा धूर. आणि आक्का कुठं, तर दारात नाहीत, खिडकीपाशी नाहीत, आईच्या अगदी शेजारी पाटावर, भिंतीला टेकून. डोळे लाल. उजवी मूठ पदराखाली घट्ट मिटलेली. आत पंप होता, हे मला कुणी सांगायला नको. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा साडीत बघितलं, आणि किती वाळल्यात तेही तेव्हाच दिसलं.

म्हातारी मला बघून हरखली. एवढीशी मूर्ती, कमरेत वाकलेली, तोंडात चार दात. पाटील आला, पाटील आला, करत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. चहा केला. खर्डा तिखट होतोय का, ते समोर बसवून विचारून घेतलं. कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग आणि शिवून झालेल्या पुरचुंड्यांची टोपली होती, तीही दाखवली. ह्यानं उंदीर पळाले बघ, लेकीचा ताप वाचला, म्हणाली. आक्का हसून मान हलवत होत्या. मधूनच श्वास ओढताना त्यांच्या गळ्याची शीर वर यायची, तेवढ्यापुरत्या त्या तोंड वळवायच्या.

मग म्हातारीनं तवा खाली उतरवला आणि माझा हात धरला. ही म्हणती, पाटील तोंडाचा फटकळ हाय पण खोटं बोलत न्हाय, म्हणाली.

"तर तू सांग मला, लेकरा. हिला एवढा दम कशानं लागतोय? डाक्टर काय सांगतोय ते ही मला कळू देत न्हाय."

मी आक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. तव्याकडं बघत होत्या. खुणावलं असतं, हात जोडले असते, तर मी चिडून सगळं बोलून टाकलं असतं, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण त्या नुसत्या बसल्या होत्या, बंद गाडीत बसायच्या तशा. माझ्या जिभेवर खरं आलेलं होतं. बसमध्ये बसल्यापासून मी तेच घोकत आलो होतो.

"गाड्यांच्या धुरानं, आज्जी," मी म्हटलं.

म्हातारीनं मान डोलावली. तिला ते आधीच ठाऊक होतं म्हणे. मग ही नोकरी सोडू दे तिला, समजाव तू, म्हणाली. घरात बसू दे माझ्याजवळ, मी दुप्पट पुरचुंड्या शिवीन, दोघींना काय लागतंय. आक्का हे ऐकून हसल्या, आणि हसताना त्यांना खोकला आला. तो थांबेना. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक धूर सोडत गेला. म्हातारी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, मेल्या गाड्या, म्हणाली, आणि आधी खिडकी लावून घेतली, मग दारही लावलं.